विल्यम हॉजेस : सागरी शोधयात्रेचा चित्रकार

१.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• विल्यम हॉजेस या चित्रकाराचा जीवनक्रम सांगता येईल;
• उत्कीर्णन आणि ॲक्वाटिंट या मुद्राचित्रणाच्या दोन पद्धतींमधील फरक स्पष्ट करता येईल;
• सागरी सफरींची मुद्राचित्रे ऐतिहासिक साधन म्हणून वापरताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे विशद करता येईल;
• कलावंताचे चरित्र लिहिताना त्याच्या कलाकृतींचा पुरावा म्हणून कसा उपयोग होतो, हे समजून घेता येईल.

१.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील एखाद्या वाचकाला ताहिती बेटाचा किनारा, ईस्टर बेटावरील पाषाणमूर्ती किंवा दक्षिण ध्रुवाकडील हिमनग कसे दिसतात हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्यापुढे प्रामुख्याने एकच मार्ग होता. सागरी सफरींच्या वृत्तान्तग्रंथांत बांधलेली मुद्राचित्रे पाहणे, हा तो मार्ग. छायाचित्रणाचा शोध लागण्यास अजून अर्धशतकाहून अधिक काळ जायचा होता. त्यामुळे या चित्रांकडे वाचक केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहत नसत. ती त्यांच्या दृष्टीने दूरदेशाची साक्ष होती.

परंतु ही साक्ष कोणाची? जहाजाच्या डेकवर उभे राहून किनारा पाहणारा एक असे, त्याचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा दुसरा असे, आणि ते कसे दिसावे याविषयी अपेक्षा बाळगणारा वाचक तिसराच असे. या तिघांमधील ओढाताण ज्याच्या आयुष्यात स्पष्टपणे दिसते, असा चित्रकार म्हणजे विल्यम हॉजेस. कॅप्टन जेम्स कुकच्या दुसऱ्या जगप्रदक्षिणेत तो अधिकृत चित्रकार होता आणि पुढे भारतात येऊन येथील निसर्ग व वास्तू चितारणारा पहिला व्यावसायिक ब्रिटिश निसर्गचित्रकार म्हणून तो ओळखला जातो. आपण जे पाहिले ते जसेच्या तसे इतरांपर्यंत पोहोचावे, ही त्याची आयुष्यभराची धडपड होती. ती कितपत सफल झाली, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

१.३ बालपण आणि जडणघडण

हॉजेसचा जन्म २८ ऑक्टोबर १७४४ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील लोहारकाम करीत. घरची परिस्थिती बेताची असल्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण मिळणे कठीण होते. विल्यम शिप्ली या गृहस्थांनी लंडनमध्ये चित्रशाळा चालवली होती. तेथे निरोप पोहोचवणारा, पडेल ते काम करणारा मुलगा म्हणून हॉजेसचा प्रवेश झाला. काम करता करता तो रेखाटन शिकला. त्याच्या हातातील कसब रिचर्ड विल्सन या नामवंत निसर्गचित्रकाराच्या लक्षात आले आणि त्याने हॉजेसला आपल्याकडे शिष्य म्हणून ठेवून घेतले.

विल्सनने काही वर्षे इटलीत राहून काम केले होते. चित्राच्या एका बाजूस काळसर झाड, मध्यभागी प्रकाशात न्हालेले पाणी आणि दूरवर धूसर होत जाणारे डोंगर, अशी निसर्गचित्राची एक ठरीव मांडणी त्या काळी आदर्श मानली जाई. ही मांडणी हॉजेसने गुरूकडून आत्मसात केली. १७६६ पासून त्याची चित्रे लंडनमधील प्रदर्शनांत दिसू लागली. मात्र केवळ निसर्गचित्रांवर निर्वाह होण्यासारखी स्थिती नव्हती. मध्यंतरी त्याने डर्बी येथील नाट्यगृहासाठी पडदे रंगवण्याचे कामही केले.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. लोहाराच्या घरातील हा मुलगा ज्या दृष्टीने जग पाहायला शिकला, ती दृष्टी इटलीच्या प्रकाशात घडलेली होती. पुढे ज्या प्रदेशांत तो गेला, तेथील प्रकाश, झाडे आणि माणसे या चौकटीत सहज मावणारी नव्हती.

१.४ रेझोल्यूशन जहाजावर

जेम्स कुकची पहिली सफर १७६८ ते १७७१ या काळात झाली. तिच्यातील चित्रकार सिडनी पार्किन्सन परतीच्या प्रवासात, जानेवारी १७७१ मध्ये, समुद्रावरच मरण पावला. त्यामुळे त्याच्या रेखाटनांवरून ग्रंथासाठी चित्रे तयार करण्याचे काम इतरांच्या हाती गेले. सफरीवरील चित्रकाराच्या कामात किती जोखीम असे, हे यावरून कळते.

१७७२ मध्ये दुसऱ्या सफरीची सिद्धता झाली. दक्षिण गोलार्धात एक विशाल खंड असावा, अशी समजूत युरोपात शतकानुशतके होती. त्या खंडाचा कायमचा निकाल लावणे हे या सफरीचे उद्दिष्ट होते. पहिल्या सफरीत सहभागी झालेला धनाढ्य निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स या वेळीही जाणार होता आणि त्याच्या लवाजम्यात योहान झोफानी हा प्रसिद्ध चित्रकार होता. परंतु बँक्सच्या सोयीसाठी रेझोल्यूशन जहाजावर चढवलेले जादा बांधकाम जहाजाला पेलेना. ते काढून टाकण्यात आले, तेव्हा बँक्सने नाराज होऊन माघार घेतली. त्याच्याबरोबर झोफानीही गेला. ऐन वेळी रिकाम्या झालेल्या या जागेवर, लॉर्ड पामर्स्टन यांच्या पाठिंब्याने, सत्तावीस वर्षांच्या हॉजेसची नेमणूक झाली. बँक्सच्या जागी योहान राइनहोल्ड फॉर्स्टर हा निसर्गशास्त्रज्ञ आला. त्याच्यासोबत त्याचा सतरा वर्षांचा मुलगा गेऑर्ग होता. हा तरुण पुढे हॉजेसच्या चरित्रात पुन्हा भेटणार आहे.

रेझोल्यूशन आणि ॲडव्हेंचर ही दोन जहाजे १३ जुलै १७७२ रोजी प्लिमथ बंदरातून निघाली. जहाजावरील चित्रकाराकडून दोन प्रकारच्या कामांची अपेक्षा असे. पहिले काम नौकानयनाला उपयोगी पडणारे. कोकणातील तांडेल ज्याप्रमाणे दुरून दिसणाऱ्या डोंगरमाथ्यांवरून आपले बंदर ओळखतो, त्याचप्रमाणे अनोळखी किनाऱ्याजवळ येणाऱ्या कप्तानालाही खुणांची गरज असते. म्हणून समुद्रावरून दिसणारी किनाऱ्याची आकृती, म्हणजे सुळके, कडे, खाड्या आणि टेकड्या यांची लांबट रूपरेषा, काटेकोरपणे रेखाटावी लागे. दुसरे काम म्हणजे नव्या प्रदेशांची दृश्ये आणि तेथील माणसांची व्यक्तिचित्रे टिपणे. पहिल्या कामात कल्पनेला वाव नव्हता. रेषा चुकली तर पुढच्या जहाजाचा घात होण्याची शक्यता होती. या शिस्तीचा हॉजेसच्या नजरेवर खोल परिणाम झाला.

नोव्हेंबर १७७२ मध्ये केप ऑफ गुड होप येथे जहाज नांगरलेले असताना हॉजेसने जहाजावरूनच टेबल माउंटनचे मोठे तैलचित्र रंगवले. ढगांच्या फटींतून डोंगरावर पडणारा उजेड आणि खाली पाण्यावर सरकणाऱ्या सावल्या यांचे जे चित्रण त्यात आहे, ते विल्सनच्या सोनेरी इटालियन हवेपेक्षा निराळे आहे. येथे हवामान हाच चित्राचा विषय होऊ लागला होता.

तेथून जहाजे दक्षिणेकडे वळली. ९ जानेवारी १७७३ रोजी हिमनगांच्या सान्निध्यात होड्या उतरवून खलाशांनी बर्फाचे तुकडे गोळा केले आणि ते वितळवून गोडे पाणी मिळवले. हॉजेसने हा प्रसंग चितारला आणि पुढे तो मुद्राचित्राच्या रूपाने ग्रंथात आला. १७ जानेवारी १७७३ रोजी या जहाजांनी दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. मानवाने ते ओलांडल्याची ही पहिली ज्ञात घटना होय. पुढच्या वर्षी, ३० जानेवारी १७७४ रोजी, रेझोल्यूशन ७१ अंश १० मिनिटे दक्षिण अक्षांशापर्यंत पोहोचले. समोर बर्फाची अभेद्य रांग होती. कल्पनेतला सुपीक दक्षिण खंड अस्तित्वात नाही, हे या सफरीने सिद्ध केले.

बर्फाच्या दोन मोहिमांच्या दरम्यान आणि नंतर जहाज प्रशांत महासागरातील बेटांना भेटी देत राहिले. न्यूझीलंडमधील डस्की बे येथील घनदाट अरण्य, मे १७७३ मध्ये कुक सामुद्रधुनीत दिसलेले जलस्तंभ, ताहितीची मातावाई खाडी, टोंगाची बेटे, मार्च १७७४ मध्ये ईस्टर बेटावरील प्रचंड मूर्ती, त्यानंतर मार्केसस, न्यू हेब्रिडीज आणि न्यू कॅलेडोनिया असा हा क्रम होता. एप्रिल १७७४ मध्ये ताहितीजवळ युद्धनौकांचा प्रचंड तांडा जमलेला दिसला. कुकने मोठ्या जोडहोड्या १६० आणि लहान होड्या १७० मोजल्या. त्या तांड्याचे चित्र हॉजेसच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी कलाकृतींपैकी एक ठरले. ३० जुलै १७७५ रोजी रेझोल्यूशन इंग्लंडला परतले. तीन वर्षांहून थोडा अधिक काळ हॉजेस समुद्रावर होता.

१.५ ताम्रपत्राची भाषा

परतल्यानंतर ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या कारभार पाहणाऱ्या कचेरीने, हॉजेसला वार्षिक २५० पौंड वेतनावर कामाला ठेवले. सफरीतील रेखाटनांवरून मोठी तैलचित्रे रंगवणे आणि ग्रंथासाठी होणाऱ्या मुद्राचित्रांवर देखरेख ठेवणे, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्याकडे आली. पार्किन्सनच्या नशिबी जे आले नाही ते हॉजेसला लाभले. आपल्या रेखाटनांचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी तो जिवंत होता.

मुद्राचित्र कसे तयार होते, हे येथे समजून घेऊ. ताम्रपट हा शब्द ऐकला की आपल्याला शिलाहार किंवा यादव राजांची दानपत्रे आठवतात. तो ताम्रपट थेट वाचण्यासाठी कोरलेला असतो. मुद्राचित्राचे ताम्रपत्र मात्र स्वतः पाहण्यासाठी नसते. ते केवळ साचा असते. त्यावर आकृती आरशातल्याप्रमाणे उलटी कोरावी लागते. पोलादी कोरणीने तांब्यात रेघा खोदायच्या, पत्र्यावर शाई चोळून पृष्ठभाग पुसून घ्यायचा, म्हणजे शाई फक्त खाचांत उरते, आणि मग ओलसर कागद वर ठेवून रुळांच्या दाबाखालून काढायचा. या पद्धतीला उत्कीर्णन म्हणतात. एका ताम्रपत्रावरून शेकडो प्रती निघत आणि गरज पडल्यास झिजलेल्या रेघा पुन्हा खोल करून आणखी प्रती काढता येत.

या पद्धतीची भाषा रेघांची आहे. आकाश, पाणी, बर्फ, कातडी, कापड असे सारे काही समांतर, छेदणाऱ्या, जाड किंवा बारीक रेघांतूनच दाखवावे लागते. हॉजेसचे बळ रंगाच्या ओल्या थरांत आणि प्रकाशाच्या क्षणिक बदलांत होते. नेमके तेच रेघांत उतरवणे सर्वांत अवघड. शिवाय उत्कीर्णक हा स्वतंत्र कलावंत असे. विल्यम वूलेट, जेम्स बेसायर, जॉन कीझ शेर्विन, फ्रान्सेस्को बार्तोलोझी अशा नामांकित उत्कीर्णकांकडे ही चित्रे सोपवण्यात आली. त्यांपैकी कोणीही या बेटांवर पाऊल ठेवलेले नव्हते. त्यांच्या हाताला सवय होती ती रोमन शिल्पे, पुराणकथांतील देवता आणि युरोपीय उद्याने कोरण्याची.

कुकचा वृत्तान्त १७७७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात नकाशे आणि चित्रे मिळून साठांहून अधिक पत्रे होती. ग्रंथ वाचकांच्या हाती आला तेव्हा कुक स्वतः तिसऱ्या सफरीवर निघून गेलेला होता. ईस्टर बेटाच्या मूर्ती आणि ताहितीचा नौकातांडा ही वूलेटने कोरलेली पत्रे आजही उत्कीर्णनकलेचे उत्कृष्ट नमुने मानली जातात. या चित्रांनी युरोपच्या कल्पनेत प्रशांत महासागराला पहिल्यांदाच तपशीलवार रूप दिले.

१.६ एका मुद्राचित्राचा वाद

या ग्रंथातील एका चित्राभोवती निर्माण झालेला वाद आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १७७३ मध्ये कुकच्या होड्या टोंगामधील एउआ बेटावर उतरल्या. या बेटाला युरोपीय लोक मिडलबर्ग म्हणत. बेटवासीयांनी पाहुण्यांचे आनंदाने स्वागत केले. हॉजेसच्या चित्रावरून शेर्विनने या प्रसंगाचे मुद्राचित्र कोरले. त्यात किनाऱ्यावरील माणसे ग्रीक पुतळ्यांसारखी दिसतात. त्यांचे बांधे प्रमाणबद्ध आहेत आणि अंगावरील वस्त्रांना प्राचीन रोमन पद्धतीच्या चुण्या पडलेल्या आहेत.

रेझोल्यूशनवरचा तो तरुण सहप्रवासी, गेऑर्ग फॉर्स्टर, याने कुकच्या ग्रंथाच्या काही आठवडे आधीच सफरीचा स्वतःचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. या चित्रावर त्याने कठोर आक्षेप घेतला. ग्रीक धाटणीचे चेहरे आणि घोळदार वस्त्रे या बेटावर कधीही नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. हॉजेसकडून मूळ रेखाटने हरवली असावीत आणि ती उणीव त्याने कल्पनेने भरून काढली असावी, असा तर्कही त्याने मांडला. फॉर्स्टर पितापुत्र आणि ॲडमिरल्टी यांच्यात ग्रंथाच्या हक्कावरून बेबनाव झाला होता आणि ही मुद्राचित्रे फॉर्स्टरच्या ग्रंथाला मिळाली नव्हती, हे खरे. पण आक्षेप केवळ रागातून आलेला नव्हता. तो प्रत्यक्षदर्शीचा आक्षेप होता.

मग दोष कोणाचा? हॉजेसने सफरीत लाल आणि काळ्या खडूने रेखाटलेली बेटवासीयांची अनेक व्यक्तिचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक चेहरा वेगळा आहे. कपाळावरच्या आठ्या, केसांची ठेवण, डोळ्यांतील सावध भाव यांतून समोर बसलेली एक विशिष्ट व्यक्ती जाणवते. त्यांत ग्रीक देवता नाही. याचा अर्थ प्रत्यक्ष पाहताना हॉजेसची नजर प्रामाणिक होती. मात्र या नोंदींवरून भव्य प्रसंगचित्र रचण्याची वेळ आली, तेव्हा ऐतिहासिक चित्रकलेचे त्या काळचे संकेत पुढे सरसावले. थोर प्रसंग थोर आकृतींनीच दाखवावा, असा तो संकेत. त्यानंतर उत्कीर्णकाच्या सवयीच्या रेघा आल्या आणि शेवटी वाचकाची अपेक्षा आली. निसर्गाच्या कुशीत राहणारा निष्पाप, देखणा मानव पाहण्यास तो उत्सुक होता.

परिणाम असा झाला की टोंगाच्या लोकांना त्यांच्याच किनाऱ्यावर परके रूप मिळाले. जहाज किनाऱ्याला लागण्याच्या प्रसंगांची अशी आणखी चित्रे या ग्रंथात आहेत. त्यांपैकी एरोमांगो बेटावरील प्रसंग ऑगस्ट १७७४ मधील चकमकीचा असून तीत काही बेटवासीयांचे प्राण गेले. भव्य मांडणीमुळे अशा प्रसंगातील भीती आणि हिंसाही एखाद्या नाट्यप्रवेशासारखी भासू लागते. ज्यांचे चित्र काढले गेले, त्यांना ते चित्र पाहण्याची किंवा त्यावर आक्षेप घेण्याची संधी नव्हती, ही गोष्ट अशा चित्रांचा अभ्यास करताना विसरता कामा नये.

१.७ भारतातील वर्षे

१७७६ मध्ये हॉजेसचा विवाह झाला. परंतु वर्षभरातच पत्नी बाळंतपणात मरण पावली. ॲडमिरल्टीचे कामही संपत आले होते. अशा अवस्थेत त्याने भारतात येण्याचे ठरवले आणि १७८० मध्ये तो मद्रासला पोहोचला. त्याच वर्षी हैदर अलीच्या फौजा कर्नाटक प्रांतात शिरल्याने प्रवास अशक्य झाला. त्यातच तो आजारी पडला. १७८१ मध्ये तो कलकत्त्यास गेला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचा आश्रय त्याला लाभला.

हेस्टिंग्जच्या काफिल्याबरोबर गंगामार्गे तो बनारसला गेला. ऑगस्ट १७८१ मध्ये राजा चेतसिंग याला अटक करताच तेथे उठाव झाला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला. हॉजेसही त्या पळापळीत होता. पुढे भागलपूर, लखनौ, आग्रा, फत्तेपूर सिक्री असा प्रवास करून १७८३ मध्ये तो ग्वाल्हेरला पोहोचला. हा किल्ला १७८० मध्ये कंपनीच्या फौजेने महादजी शिंदे यांच्या ताब्यातून घेतला होता आणि १७८३ मध्येच महादजींनी तो पुन्हा जिंकला. मराठ्यांच्या इतिहासातील या धामधुमीच्या काळात हॉजेसने काढलेले ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे दृश्य म्हणूनच आपल्याला लक्षणीय वाटते. मात्र त्या दृश्यात राजकारणाचा मागमूस नाही; आहे तो फक्त उंच कातळ, तटबंदी आणि ऊन.

१७८४ मध्ये इंग्लंडला परतल्यावर हॉजेसने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. भारतातील दृश्यांची मुद्राचित्रे त्याने इतरांकडून कोरवून घेतली नाहीत. ताम्रपत्रे त्याने स्वतःच तयार केली. त्यासाठी ॲक्वाटिंट ही पद्धत निवडली. या पद्धतीत ताम्रपत्रावर राळेची भुकटी पसरून ती उष्णतेने चिकटवतात आणि नंतर पत्रा अम्लात बुडवतात. कणांच्या मधल्या जागा अम्लाने खाल्ल्या जातात आणि छपाईत जलरंगासारख्या फिकट व गडद छटा उमटतात. रेघांऐवजी छटांची भाषा बोलणारी ही पद्धत हॉजेसच्या हाताला मानवणारी होती. १७८५ ते १७८८ या काळात भारतातील निवडक दृश्यांचा ४८ मुद्राचित्रांचा संग्रह त्याने प्रसिद्ध केला. सफरीच्या ग्रंथात जे अंतर त्याला सलले असावे, म्हणजे पाहणारा डोळा आणि कोरणारा हात यांतील अंतर, ते त्याने येथे स्वतःपुरते मिटवले.

तरीही साक्षीचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. १७८६ मध्ये टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम डॅनियल हे चित्रकार भारतात आले. दृश्य अचूक टिपण्यासाठी ते कॅमेरा ऑब्स्क्युरा हे उपकरण वापरीत. हॉजेसने चितारलेल्या अनेक स्थळी ते मुद्दाम गेले आणि त्याच्या चित्रांतील तपशील सैल असल्याचे त्यांना आढळले. डॅनियल काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईस आले आणि त्यांनी घारापुरी व कान्हेरी येथील लेण्यांची चित्रे काढली. महाराष्ट्रातील वास्तूंची मुद्राचित्रे ज्या परंपरेतून युरोपात पोहोचली, त्या परंपरेचा आरंभ हॉजेसपासून होतो, एवढा दुवा येथे लक्षात ठेवावा.

१.८ उत्तरायुष्य

१७८७ मध्ये हॉजेसला रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळाले. लोहाराच्या मुलासाठी हा मोठा सन्मान होता. १७८४ मध्ये त्याने दुसरा विवाह केला होता. पण ती पत्नीही लवकरच वारली. १७८५ मध्ये ॲन मेरी कार हिच्याशी त्याचा तिसरा विवाह झाला. १७९३ मध्ये त्याचे भारत प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्थळवर्णनाबरोबरच येथील चालीरीतींविषयीची निरीक्षणेही त्यात आहेत. त्याने पाहिलेल्या सतीच्या प्रसंगाचे वर्णनही त्यात येते.

डिसेंबर १७९४ मध्ये लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर त्याने स्वतःच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्यात दोन मोठी चित्रे प्रमुख होती. एकात शांततेच्या काळातील भरभराटीचे बंदर होते. दुसऱ्यात तोच परिसर युद्धाने उद्ध्वस्त झालेला होता. निसर्गचित्र हे केवळ डोळ्यांचे रंजन नसून त्याने नैतिक विचारही जागवावा, ही त्याची भूमिका होती. परंतु इंग्लंड तेव्हा फ्रान्सशी युद्धात गुंतलेले होते. राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क याने त्या युद्धात ब्रिटिश फौजांचे नेतृत्व केले होते. १७९५ च्या आरंभी तो प्रदर्शन पाहण्यास आला आणि अशा वेळी युद्धाविरुद्ध भावना चेतवणारी चित्रे मांडणे त्याला आक्षेपार्ह वाटले. प्रदर्शन बंद करावे लागले.

हा आघात निर्णायक ठरला. हॉजेसने आपली चित्रे विकून टाकली, चित्रकला सोडली आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डार्टमथ या बंदरगावी जाऊन एका बँकेत भागीदारी पत्करली. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीने इंग्लंडमध्ये आर्थिक घबराट पसरली आणि या लाटेत त्याची बँक बुडाली. ६ मार्च १७९७ रोजी हॉजेसचे निधन झाले. तेव्हा त्याचे वय बावन्न वर्षे होते. आजाराने मृत्यू आला असे सांगण्यात आले. त्याने स्वतःच जीवन संपवले अशी कुजबुजही झाली. काही महिन्यांतच त्याच्या पत्नीचाही मृत्यू झाला आणि मुले पोरकी झाली.

१.९ मूल्यमापन

मृत्यूनंतर दीर्घकाळ हॉजेस विस्मृतीत राहिला. भारताच्या दृश्यांसाठी डॅनियल यांचा अचूकपणा वाखाणला गेला, तर प्रशांत महासागराच्या चित्रांचे श्रेय कुकच्या कीर्तीत विरून गेले. तथापि त्याच्या चित्रांचा प्रभाव अनपेक्षित ठिकाणी पोहोचला होता. तरुणपणी गेऑर्ग फॉर्स्टरबरोबर इंग्लंडचा प्रवास केलेल्या अलेक्झांडर फोन हंबोल्ट या महान भूगोलवेत्त्याने, उष्ण कटिबंधाची ओढ आपल्या मनात निर्माण करणाऱ्या गोष्टींत, लंडनमध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या घरी पाहिलेल्या हॉजेसच्या गंगाकाठच्या चित्रांचा उल्लेख केला आहे. फॉर्स्टरच्या वर्णनांचा उल्लेखही त्याच यादीत आहे. ज्याने हॉजेसच्या चित्रावर टीका केली, त्याचे शब्द आणि हॉजेसचे रंग एकाच वाचकाच्या मनात एकत्र आले.

विसाव्या शतकात बर्नार्ड स्मिथ या ऑस्ट्रेलियन कलेतिहासकाराने हॉजेसच्या प्रकाशचित्रणाचे महत्त्व दाखवून दिले. २००४ मध्ये ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. त्या निमित्ताने डस्की बेमधील पिकर्सगिल हार्बरच्या तैलचित्राची क्ष-किरण तपासणी करण्यात आली, तेव्हा हिरव्या अरण्याच्या थराखाली हिमनगांचे चित्र आढळले. कॅनव्हास वाचवण्यासाठी म्हणा किंवा अन्य कारणाने, हॉजेसने दक्षिण ध्रुवाकडील दृश्यावर न्यूझीलंडचे अरण्य रंगवले होते. दृश्य साक्षीचे थर कसे असतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

चरित्राच्या दृष्टीने पाहता हॉजेसचे यश आणि अपयश एकाच ठिकाणी आहे. प्रत्यक्ष समोर असलेल्या प्रकाशाशी तो इमान राखी. मात्र चित्र स्टुडिओत, ताम्रपत्रावर आणि बाजारात गेले की त्याच्यावरचा त्याचा ताबा सुटत जाई. म्हणून जुने मुद्राचित्र हाती आल्यावर अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? पत्र्यावर कोणी कोरले? आणि ते कोणासाठी छापले गेले? या प्रश्नांमुळे चित्राची किंमत कमी होत नाही. उलट, एका पानावर उमटलेले अनेक हात आपल्याला दिसू लागतात.

१.१० सारांश

विल्यम हॉजेस (१७४४–१७९७) हा रिचर्ड विल्सनचा शिष्य. १७७२ ते १७७५ या काळात कुकच्या दुसऱ्या सफरीत त्याने किनाऱ्यांच्या रूपरेषा, निसर्गदृश्ये आणि व्यक्तिचित्रे काढली. १७७७ च्या ग्रंथात ती उत्कीर्णनाद्वारे प्रसिद्ध झाली. मिडलबर्गच्या चित्रामुळे सत्य आणि संकेत यांचा वाद निर्माण झाला. १७८० ते १७८३ दरम्यान त्याने भारतात काम केले व पुढे स्वतःच्या हाताने ४८ ॲक्वाटिंट मुद्राचित्रे तयार केली. युद्धविरोधी चित्रांमुळे प्रदर्शन बंद पडले आणि त्याची चित्रकला थांबली.

१.११ पारिभाषिक शब्द

मुद्राचित्र : साच्यावरून कागदावर छापलेले चित्र.
उत्कीर्णन : धातूच्या पत्र्यावर कोरणीने रेघा खोदून मुद्राचित्र तयार करण्याची पद्धत.
ॲक्वाटिंट : राळेची भुकटी व अम्ल यांच्या साहाय्याने छटा निर्माण करणारी मुद्राचित्रण पद्धत.
किनाऱ्याची रूपरेषा : समुद्रावरून दिसणारी किनाऱ्याची आकृती.

१.१२ स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. हॉजेसची सफरीवरील नेमणूक कोणाच्या माघारीमुळे झाली?
२. दक्षिण ध्रुववृत्त कोणत्या दिवशी ओलांडले गेले?

आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. उत्कीर्णन आणि ॲक्वाटिंट यांतील फरक स्पष्ट करा.
२. मिडलबर्गच्या मुद्राचित्रावर फॉर्स्टरने कोणता आक्षेप घेतला?

इ) सविस्तर उत्तर लिहा.
१. मुद्राचित्र हे प्रत्यक्षाची साक्ष मानता येईल का? हॉजेसच्या जीवनाच्या आधारे चर्चा करा.

ई) उपक्रम
आपल्या परिसरातील वस्तुसंग्रहालयात किंवा ग्रंथालयात एखादे जुने मुद्राचित्र पाहा. घटकात सांगितलेल्या तीन प्रश्नांच्या आधारे त्यावर दोनशे शब्दांचे टिपण लिहा.